मागीलदारचा झोका, वाळू आणि पन्हळ : एका महिन्याच्या नोंदी

रविवार, २७ एप्रिल २०२५

काल रात्री माहेरी पोचलो. गुहागर तालुका, गाव लहान, मोबाइलला रेंज फक्त ओटीच्या एका कोपऱ्यात. थोरली नऊची, धाकटा पाचचा, शेजारच्या दोन घरांतली मिळून आणखी चार पोरं. हातात सव्वा महिना. पहिले दोन आठवडे मला रजा, मग त्या कोपऱ्यात बसून ऑफिस.

गेल्या मे महिन्यात पोरं दुपारभर मोबाइलला चिकटली होती. बाबा रोज एकदा विचारायचे, "एवढं आगर काय बघायला ठेवलंय?" म्हणून या वेळी मागीलदारी, म्हणजे घरामागच्या नारळ-पोफळींच्या आगरात, काहीतरी करायचं ठरवूनच आलेय.

घरात आज सापडलेलं सामान : विहिरीवरची जुनी निळी दोरी, गडगा (दगडी कुंपण) घालून उरलेले जांभ्याचे अकरा चिरे, फुटकी मंगलोरी कौलं हवी तेवढी, सुकून गेलेली पण अजून उभी असलेली एक पोफळ (सुपारीचं झाड). हत्यारं बाबांची : पहार, कुऱ्हाड, कोयती, करवत, पटाशी, हाताने फिरवायचं ड्रिल. वर खर्च पाच हजारांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

करायचं काय, तर टायरचा झोका, वाळूचा हौद, पाण्याची पन्हळ. थोरलीने चौथी ओळ "घसरगुंडी" अशी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. ती होणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे.

मंगळवार, २९ एप्रिल

झोक्याला झाड शोधण्यातच सकाळ गेली. पोरांना शेवगा हवा होता, कारण फांदी हाताला येते. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, जांभळाचंही तसंच. मोडताना आधी कुरकुरतसुद्धा नाही. हापूसला हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम. राहिला रायवळ. त्याची एक आडवी फांदी जमिनीपासून दहा फुटांवर, मांडीएवढी जाड, पोखरल्यासारखी वाटत नाही, खाली मोकळं. गडगा सहा-सात फूट लांब. वर हुमल्यांचं (लाल मुंग्यांचं) घरटं होतं, ते दोन फांद्या पलीकडे होतं म्हणून चालून जाईल असं वाटलं. नाही चाललं. शिडीवर असताना मानेला चावले. पुढच्या वेळी अंगाला राख फासून चढले, तरी दोन चावलेच.

टायर शृंगारतळीला पंक्चरवाल्याकडून शंभर रुपयांत आणला, मोटारीचा. टायरमध्ये पाणी साचलं की डासांची पैदास होते, म्हणून बुडाला भोकं पाडायला घेतली आणि ड्रिल अडकलं. जोर लावला. पातं वाकलं आणि भोकातून तारांची टोकं बाहेर आली. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांची जाळी असते, हे तळहाताला भोक पडल्यावर समजलं. तार कापून, ठोकून, वर रबर चिकटवून बघितलं. तरी बोट फिरवलं की टोचतंच. अर्धा दिवस आणि ड्रिलचं एक पातं गेलं. टायर बाबांना आगरात मदत करणाऱ्या तात्यांनी नेला, आळवाच्या वाफ्याभोवती ठेवतात म्हणे.

संध्याकाळी नुसती दोरी बांधून आडवी फळी लावली. पोरं बसायला धावली. बाबा म्हणाले, "आधी चिरे बसव." चिरा साधारण पंचवीस-तीस किलोचा. तीन चिरे दोन गोणत्यांत घालून फळीवर बांधले, हलवून सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले.

बुधवार, ३० एप्रिल

पहाटे धप्पकन आवाज झाला. चिरे खाली.

गाठ सुटली असेल असं वाटलं, कारण मी सुरगाठ मारली होती आणि बाबा त्यावरून कालच बोलले होते. पण गाठ जागच्या जागी होती. दोरी मध्येच तुटली होती. तुटलेलं टोक चोळलं तर पीळ मोकळे झाले आणि आतून निळी भुकटी हातावर आली. सहा-सात वर्षं विहिरीवर उन्हात पडलेली दोरी. वरून दिसायला चांगली, ओली असताना तर नवीच वाटते. प्लॅस्टिकची दोरी ऊन खाते. घरात सापडलेली दोरी पोराच्या झोक्याला वापरायची नाही, एवढं या महिन्यात पक्कं शिकले. काथ्याची वापरायची तर पावसाआधी उतरवायची, ती कुजते.

आज अक्षय्य तृतीया. पुढचं काम बंद, आमरस-पुरी.

शुक्रवार, २ मे

वाळू. इथे माझं गणित साफ चुकलं.

हौद पाच फूट बाय चार फूट, खोली नऊ इंच. म्हणजे पंधरा घनफूट. फोनवर विचारलं, कमीत कमी किती देता? तो म्हणाला, अर्धा ब्रास. मला वाटलं, अर्धा म्हणजे थोडीच. ब्रास म्हणजे शंभर घनफूट हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. पन्नास घनफूट क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, आली. नदीची वाळू मिळत नाही आणि समुद्रावरची आणायची नाही. एक तर खारी, दुसरं म्हणजे तिथून उचलायला बंदी आहे. वाळू २,६०० आणि टेम्पो १,२००. पाच हजारांतले ३,८०० एका दुपारी संपले.

टेम्पो बेड्याच्या (फाटकाच्या) आत येईना. ढीग बाहेर, रस्त्याच्या कडेला.

रविवार, ४ मे

दोन दिवस वाळू वाहिली. बेड्यापासून मागीलदारापर्यंत साठ पावलं. मी, भाऊ आणि तात्या. थोरलीने गडग्यावर कोळशाने रेघा मारल्या : एकशे सात घमेली. कमरेचं विचारू नका.

हौद असा केला. जमीन नऊ इंच खणली, तळाला दोन घमेली खडी, तिच्यावर जुन्या शेडनेटचा तुकडा, म्हणजे माती वर येत नाही आणि पाणी खाली जातं. कडेला नऊ चिरे आडवे. फळ्यांची कड करायचा विचार होता, पण आमच्याकडे जमिनीला टेकलेल्या लाकडाला पहिल्या पावसात वाळवी लागते.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तेव्हा तिच्याकडे लक्ष गेलं नाही. हे दोन दिवस सहाही पोरं बेड्याबाहेरच्या ढिगावर होती. चढायचं, बसून घसरत यायचं, पुन्हा चढायचं. मी त्यांना "वाळू पसरवू नका" म्हणून ओरडत होते. थोरलीची घसरगुंडी तिथे आयती तयार होती आणि मी ती घमेल्याघमेल्याने उचलून नेत होते.

मंगळवार, ६ मे

झोका पुन्हा. नवी दोरी बोटाच्या पेराएवढी जाड, सोळा मिलिमीटर, चौदा मीटर, ४२० रुपये. टायर या वेळी स्कूटरचा, फुकट. त्याच्या कडेत तार असते पण पोटात नसते, त्यामुळे बुडाला तीन भोकं सरळ पडली. भोक करंगळी जाईल एवढं ठेवायचं. लहान केलं तर एका पानाने बुजतं.

फांदीवर दोरी थेट गुंडाळली की दोघांचंही नुकसान होतं, साल सोलते आणि दोरी झिजते. शिंपण्याच्या जुन्या पाइपाचे हातभर तुकडे उभे चिरून फांदीवर बसवले आणि त्यावरून दोरी घेतली. दोन ठिकाणी, मध्ये दोन फूट अंतर. एकाच ठिकाणी बांधलेला टायर गरगर फिरतो आणि खोडावर आपटतो, ते कालच्या चाचणीत बघितलं होतं. गाठ बाबांनी मारली, निरगाठीवर निरगाठ, आणि टोकं मेणबत्तीवर वितळवून घेतली.

आधी चिरे रात्रभर, मग मी, मग भाऊ. भाऊ बसला तेव्हा फांदी कुरकुरली नाही. मात्र नवी दोरी ताणते. सकाळी टायर चार बोटं खाली आलेला होता, पुन्हा बांधावा लागला. रोज सकाळी गाठी हाताने दाबून बघायच्या, हे काम थोरलीला दिलंय. ती ते फार गंभीरपणे करते.

उरलेल्या वाळूतली पंधरा-वीस घमेली झोक्याखाली पसरली. पडलं तर कातळासारख्या जमिनीवर पडू नये. क्रश सँड ओली होऊन वाळली की पापडासारखी घट्ट होते, म्हणून दर दोन दिवसांनी फावड्याने मोकळी करावी लागते.

आणि टायर काळा असतो. दुपारी बारा ते चार त्यावर बसता येत नाही, सगळ्या चड्ड्यांवर काळे पट्टे उठले आहेत. आईचं म्हणणं, "फळी काय वाईट होती?" तिचं बरोबर आहे. पुन्हा केला तर फळीचाच करीन.

गुरुवार, ८ मे

हौदाचा निकाल. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, आज कुणी गेलंच नाही. क्रश सँड बोचते, गुडघ्यांना रुतते, बोटांत पावडर उरते. किल्ला उभा राहतो पण करायला मजा येत नाही. शिवाय शेजारच्या मांजरीने पहिल्याच रात्री हौद आपला म्हणून ठरवून टाकला. वरचे दोन घमेली टाकून दिले. शेडनेट पसरून कडेला दगड ठेवले, तर मांजर नेटवर झोपली.

दुसरीकडे आज एक खेळ मी न करता झाला. सकाळी पोफळीचं एक झावळ पडलं. बुडाची विरी चांगली रुंद, आतून गुळगुळीत. शेजारच्या मोठ्या मुलाने धाकट्याला विरीवर बसवलं, पानाचा शेंडा दोन्ही हातांनी धरला आणि खळ्यात (अंगणात) ओढत सुटला. आम्हीही हेच करायचो. कसं विसरले कोण जाणे. खर्च शून्य, तयारी शून्य, दुपारी दोन ते साडेसहापर्यंत चाललं. खळ्याचं शेणसारवण उखडलं, ते उद्या मला घालायचं आहे.

विरी एका दिवसात फाटते. एका पोफळीची वर्षाला सहा-सात झावळं गळतात. आमच्या आगरात साठेक पोफळी आहेत, म्हणजे सरासरी दिवसाला एक विरी. पोरं सहा. भांडणाचं गणित इथेच सुटतं. सकाळी उठल्या उठल्या आगरात पळत जायचं आणि जो पहिला बघेल त्याची, असा कायदा त्यांनी स्वतः केला.

मंगळवार, १३ मे

पन्हळ. शनिवारपासून आज चौथा दिवस.

तात्यांनी सुकलेली पोफळ दोराने ओढ देऊन पाडली. तीस फूट निघाली, तिचे तीन तुकडे केले. पोफळ बाहेरून लोखंडासारखी आणि आत भुसभुशीत असते. उभी फोडायची आणि आतला गाभा खरवडून काढायचा की पन्हळ तयार. पूर्वी आगराचं सगळं पाणी असंच जायचं, बाबांनी घातलेल्या पन्हळी मी लहानपणी बघितल्या आहेत.

पहिला तुकडा मी एकटीने कुऱ्हाडीने फोडायला घेतला. चीर अर्ध्यावर गेली आणि तिरपी होऊन बाहेर निघाली. तुकडा सरपणात गेला. तात्या तेवढा वेळ विडी ओढत बघत होते. मग म्हणाले, "ताई, कुऱ्हाड फक्त तोंड उघडायला. पुढचं पाचरीचं काम." टोकाला चीर पाडून लाकडी पाचर घालायची, हातोड्याने ठोकायची, चीर पुढे गेली की दुसरी पाचर, मागची काढून तिच्या पुढे. दर ठोक्याला लाकूड "चट्" करतं आणि चीर वीतभर पुढे पळते. दोन तुकड्यांच्या चार पन्हळी एका सकाळी झाल्या. गाभा काढायला दीड दिवस लागला.

पोफळीच्या कुसा फार वाईट. तळहातात शिरल्या की दिसत नाहीत आणि रात्री ठणकतात. माझ्या उजव्या हातातून आईने सुईने सात काढल्या. हातमोजे घालाच. पोरं हात लावतील त्या सगळ्या कडा कौलाच्या तुकड्याने खरवडल्या, मग चिऱ्याच्या तुकड्याने घासल्या.

उताराचे प्रयोग. दहा फुटांच्या पन्हळीला एक फूट उतार दिला : पाणी टोकावरून उडी मारून पुढच्या पन्हळीपलीकडे पडलं. सपाट ठेवली : पानाच्या होड्या मध्येच थांबल्या. चार बोटं उतार बरोबर. वरच्या पन्हळीचं तोंड खालचीवर वीतभर चढवून ठेवायचं. खाली बेचकं असलेल्या मेढी (लाकडी खांब) पुरल्या, सर्वांत उंच मेढ धाकट्याच्या छातीएवढी, म्हणजे त्याला आत बघता येतं.

एका पन्हळीला चीर होती. शेण-मातीने बुजवली, पहिल्याच दिवशी वाहून गेली. आता गळते तशी गळते. पोरांनी त्या गळतीखाली केळीचं सोप लावून दुसरा फाटा काढलाय आणि मला तो दुरुस्त करू देत नाहीत.

शुक्रवार, १६ मे

पाण्याचं लिहायचं राहिलं होतं. मे महिन्यात विहिरीची तळाची पायरी उघडी पडते. पन्हळ लावल्यावर बाबांनी स्पष्ट सांगितलं, "खेळायला पाणी मिळायचं नाही. शिंपायला मिळेल."

म्हणून पंपाचं पाणी थेट पाटात न सोडता पन्हळीच्या तोंडाशी सोडलं आणि पन्हळीचा शेवट पोफळींच्या पाटात. एक दिवसाआड, सकाळी साडेसहाला, चाळीस मिनिटं. आळं भरलं की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं. हे काम सहा पोरं करतात. नऊला उठणारी माझी थोरली सहाला तोंड धुऊन तयार असते. तात्यांना पहिल्या दिवशी राग आला, दुसऱ्या दिवशी ते कडेला बसून हुकूम सोडायला लागले : "त्या नारळाला अजून दे, तो आजारी आहे." एक दिवस होड्यांची शर्यत लावताना पाट फुटला, अर्धं पाणी गडग्याबाहेर गेलं आणि बाबा दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

संध्याकाळी बाबांनी ऐनाच्या फांदीची विटी-दांडू करून दिली. दांडू दोन फुटांचा, विटी वीतभर, दोन्ही टोकं निमुळती. मग बाबा मोजायला लागले : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. थोरलीला वाटलं आजोबा गंमत करतायत. मी हैदराबादच्या सहकाऱ्याला फोनवर ऐकवलं, तर तो हसायलाच लागला. पहिले चार तर सरळ त्याच्या तेलुगूतले आकडे आहेत. ते गुहागरपर्यंत कसे आले ते त्यालाही सांगता येईना. विटी डोळ्याला लागते, म्हणून एकच नियम : खेळत नसेल त्याने कोलणाऱ्याच्या मागे उभं राहायचं.

सोमवार, १९ मे

मातीचं स्वयंपाकघर. करायचं नव्हतं, पण हौदातली वाळू कुणी वापरत नव्हती म्हणून धाकट्यासाठी हौदाच्या कडेला दोन चिरे, वर फळी, जुने टोप, करवंट्या, मोडक्या दांड्याचा डाव. उरलेले ते दोन चिरे उचलताना पहिल्याखाली विंचू निघाला. मी चिरा हाताने उचलणार होते. बाबांनी पहारेने उलटवला म्हणून दिसला. आमच्याकडे फुरसं हा विषारी सापही असतो. चिरा, लाकूड, कौलांचा ढीग, काहीही हलवायचं तर पहारेने, आपल्यापासून पलीकडे उलटवून. पोरांना या कामात घेऊ नका.

खेळ मात्र जमला. वाळू नको होती, तांबडी माती आणि पाणी हवं होतं. वाळू आता "साखर" म्हणून वापरतात, चिमूटभर.

शनिवार, २४ मे

मंगळवारपासून पाऊस. आधी वळीव वाटला, पण थांबेना. आज दुपारी कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं. परवापासून वीज नाही. बाबा म्हणतात मे महिन्यात असं बघितलं नाही.

माझ्या कामांची अवस्था : हौदातली वाळू पाण्याबरोबर आगरात उतरली. झोक्याखाली पाय घासून झालेल्या खड्ड्याचं डबकं झालं. टायरच्या तीन भोकांपैकी दोन पानांनी बुजली होती, आत पेलाभर पाणी होतं, ओतून टाकलं. मेढी दोन कलल्या.

पोरांनी काल पन्हळी उचलून पडवीला लावल्या, पागोळ्यांखाली. आता पाणी मागायला बाबांकडे जावं लागत नाही. खळ्यात चिखल झाल्यावर विरी ओढायलासुद्धा लागत नाही, धावत येऊन नुसती बसली की गडग्यापर्यंत जातात. सारवण पूर्ण गेलं. आईने सोडून दिलंय.

मंगळवार, २७ मे

आज परत. मोसमी पाऊस रविवारीच आला म्हणे, म्हणजे चार जूनपर्यंत थांबायचा बेत बुडाला.

झोका उतरवला. पाइपाच्या तुकड्यांखाली फांदीची साल शाबूत आहे. दोरी वळून माळ्यावर, उन्हात नाही. टायर उपडा पडवीत, पाणी साचणार नाही असा. खर्च : वाळू-टेम्पो ३,८००, दोरी ४२०, फुकट गेलेला टायर १००, ड्रिलचं पातं ९०, हातमोजे ६०. एकूण ४,४७०. त्यातली वाळू सोडली तर बाकीचं सगळं ६७० रुपयांत झालं असतं. उरलेली वाळू बाबा गोठ्याच्या चौथऱ्याला वापरणार आहेत. पन्हळी त्यांनी ठेवून घेतल्या, पागोळ्यांचं पाणी दोणीत सोडायला.

धाकट्याने एक विरी पुण्याला न्यायचा हट्ट धरला. डिकीत बसेना, म्हणून मागच्या सीटखाली आडवी घातली. कुंभार्ली घाट संपेपर्यंत तिच्यावर पाय कुणी ठेवायचे यावरून दोघांचं भांडण चालू होतं.